रूप आणि रुपे : देवकार्यातील उठावाच्या धातुकामाचा इतिहास

कोकणात शिमग्याच्या दिवसांत ग्रामदेवतेची पालखी सजली म्हणजे गावकरी 'रुपे लागली' असे म्हणतात. रुपे म्हणजे देवतांचे सोन्यारुप्याचे मुखवटे. एरवी पेटीत जपून ठेवलेले हे मुखवटे त्या दिवशी बाहेर निघतात, पालखीत बसविले जातात, त्यांना वस्त्रे व फुले चढतात. आणि जी देवता वर्षभर गर्भागाराच्या अंधारात पाषाणरूपाने स्थिर असते ती घरोघरी अंगणात येऊन दर्शन देते. मराठीत रुपे म्हणजे चांदी, आणि रूप म्हणजे आकार किंवा चेहरा. खेड्यातील भाविकाच्या तोंडी हे दोन्ही अर्थ एकाच उच्चारात मिसळून गेलेले आहेत. हा केवळ बोलीचा गमतीचा योगायोग आहे असे कोणास वाटेल, परंतु व्याकरणशास्त्र पाहिले असता तसे म्हणता येत नाही.

अष्टाध्यायीच्या पाचव्या अध्यायाच्या दुसऱ्या पादात रूप या शब्दापासून रूप्य हा शब्द सिद्ध करताना भगवान पाणिनींनी त्याचे दोन अर्थ दिले आहेत. एक आहत, म्हणजे ठोकलेले; आणि दुसरा प्रशंसा. ज्यावर रूप ठोकून उमटविले आहे ते रूप्य, आणि ज्याचे रूप वाखाणावे असा पुरुषही रूप्य. काशिकावृत्तीने पहिल्या अर्थाची उदाहरणे देताना दीनार, कार्षापण ही नाणी घेतली असून, हातोडीच्या ताडनाने त्यांच्यावर जे रूप उत्पन्न होते त्यास आहत म्हणावे, असा खुलासाही केला आहे. आजचे पुराणवस्तुसंशोधक ज्यांना आहत नाणी म्हणतात ती हीच होत. पुढे हे विशेषण त्या धातूचेच नाव होऊन बसले, आणि त्यातूनच आपले रुपे व आपला रुपया निघाला. रजत हे चांदीचे नाव तिच्या शुभ्र वर्णावरून पडलेले आहे. रूप्य हे नाव मात्र कारागिराच्या हातोडीने तिला दिलेले आहे. देवकार्यातील धातुकामाचा विचार करताना ही व्युत्पत्ती ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे, कारण या विद्येचा सारा इतिहास रूप आणि धातू यांच्या ओढाताणीचा इतिहास आहे.

प्रथम ही विद्या कशी चालते ते पाहू. धातूची मूर्ती करण्याचे दोन मुख्य मार्ग आहेत. एक ओतकामाचा, त्यात मेणाची प्रतिमा करून तिच्यावर माती चढवितात, मेण वितळवून काढतात आणि त्या पोकळीत रस ओततात. कल्याणीच्या चालुक्य वंशातील तिसरा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' ग्रंथात, म्हणजे बाराव्या शतकात, या विधीचे सविस्तर वर्णन आलेले आहे. दुसरा मार्ग उठावाच्या कामाचा. यात काही ओतावयाचे नसते व काही कोरून काढावयाचेही नसते. धातूचा एक पातळ पत्रा, काही बोथट कलमे, एक हातोडी आणि राळेचे एक अंथरूण एवढीच सामग्री.

राळ, विटेची वस्त्रगाळ पूड आणि थोडे तेल एकत्र कढवून तो लगदा लाकडी पाटावर अथवा पसरट भांड्यात थापतात. राळेमुळे तो चिकटतो, विटेच्या पुडीमुळे त्याला टणकपणा येतो आणि तेलामुळे तो ठिसूळ न होता दाबाखाली किंचित बसतो. ऋतुमानाप्रमाणे तेलाचे प्रमाण कमीअधिक करावे लागते. उन्हाळ्यात जो लगदा नरम पडतो तोच थंडीत काचेसारखा तडकतो. हा लगदा गरम असताना त्याच्यावर पत्रा बसवितात. आकृतीची रेखा प्रथम पुढील बाजूने कलमाने दाबून घेतात. नंतर पत्रा तापवून सोडवितात, उलटा करून पुन्हा राळेवर बसवितात, आणि खरे काम सुरू होते ते या उलट्या बाजूने. देवतेचे नाक पुढे यावयाचे असेल तर कारागिराने मागून तेथे खळगा पाडावयाचा. भाल उंच हवे असेल तर मागून खोल दाबावयाचे. पुढे जे उंच ते त्याच्या समोर खोल दिसते, आणि पुढे जे उजवे ते डावे. ठोकता ठोकता धातू ताठर होत जातो. तसाच रेटला तर तो फाटतो; म्हणून त्यास वारंवार ताव देऊन मऊ करावे लागते. चांदी ९६२ अंश सेल्सिअसला वितळते, तेव्हा ताव देताना पत्रा मंद लाल होताच थांबावयाचे असते; क्षणभर डुलकी लागली तर पंधरा दिवसांचे काम शेगडीत वाहून जाते. उठाव पुरेसा आला म्हणजे पत्रा पुन्हा सुलटा करून डोळ्यांच्या पापण्या, केसांच्या बटा, अलंकारांचे मणी ही बारीक कारागिरी पुढून बारीक कलमांनी करतात. खोल मुखवट्यासाठी ही उलटापालट आणि हे ताव कित्येकदा द्यावे लागतात.

या विधीतील दोन गोष्टी विशेष विचारात घेण्याजोग्या आहेत. पहिली अशी की, कारागीर आपले बहुतेक काम देवतेचे मुख न पाहता करीत असतो. त्याच्यासमोर असते ती तिची पाठ, एक पोकळी. आणि पुढे काय उमटत असेल ते त्याला बोटांनी चाचपूनच ओळखावे लागते. पंढरपूरचे संत नरहरी सोनार यांची कथा येथे सहज आठवते. शिवाव्यतिरिक्त कोणास न पाहण्याचा त्यांचा नेम. म्हणून विठ्ठलाचा करगोटा घडविण्यासाठी माप घ्यावयास ते डोळ्यांना पट्टी बांधून गेले, आणि हाताला मात्र शिवाची चिन्हे लागली. भक्तीच्या दृष्टीने ही हरिहरैक्याची कथा आहे, आणि तोच तिचा मुख्य अर्थ होय. तथापि ती एका सोनाराविषयी सांगितली जावी, आणि त्याने रूप डोळ्यांनी न ओळखता हातांनी ओळखावे, हे त्या व्यवसायाची माहिती असणाऱ्यास अगदी स्वाभाविक वाटते.

दुसरी गोष्ट वजनाची. पाषाणाचे शिल्प करताना दगड कमी होतो. नक्षी खोदताना धातूचा कीस पडतो. उठावाच्या कामात मात्र काही कमी होत नाही आणि काही वाढत नाही. कामापूर्वी पत्रा जितका भरतो तितकाच, जवळजवळ गुंजेचाही फरक न पडता, कामानंतर भरतो. साधा पत्रा आणि महिषासुरमर्दिनीची सुंदर प्रभावळ यांत तराजूला काही भेद दिसत नाही. ज्या वस्तूचे मोल तराजूवर ठरते तिच्या बाबतीत ही गोष्ट पुढे फार घातक ठरली आहे. तिच्याकडे नंतर वळू.

ही विद्या आपल्या देशात फार जुनी आहे. बिहारमधील चंपारण्यात लौरिया नंदनगढ येथील टेकड्या १९०४-०५ साली ब्लॉक या संशोधकाने खणल्या, तेव्हा सोन्याच्या पातळ पत्र्यावर उठविलेली एक उभी स्त्रीप्रतिमा सापडली. ब्लॉक यास ती वैदिक अंत्यविधीतील पृथ्वीदेवता वाटली. पुढील संशोधनात त्या टेकड्या स्तूप असल्याचे मत मान्य होत गेले व वैदिक अंत्यविधीची कल्पना मागे पडली. परंतु ते इवलेसे सुवर्णपत्र ख्रिस्तपूर्व काळातील आहे आणि ते धार्मिक हेतूने ठेवलेले आहे, यात शंका नाही. अफगाणिस्तानात जलालाबादजवळ बीमरान येथील स्तूपात चार्ल्स मॅसन यास १८३० नंतरच्या दशकात मिळालेला सोन्याचा करंडक तर या विद्येचा मुकुटमणीच म्हणावा लागेल. उंची जेमतेम वीतभरही नाही. पण त्याच्या भोवती कमानींच्या ओळीत भगवान बुद्ध मध्ये आणि दोहों बाजूंस ब्रह्मदेव व इंद्र हात जोडून उभे, असे दृश्य दोनदा उठविलेले आहे, आणि वरखाली लाल खड्यांच्या रांगा आहेत. तो आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या आसपासचे हे काम. म्हणजे बुद्धाच्या मानवी रूपातील अगदी आरंभीच्या प्रतिमांपैकी एक प्रतिमा पाषाणात नव्हे, तर ठोकून उठविलेल्या सोन्याच्या पत्र्यात आपल्यापर्यंत आली आहे.

उत्तरेकडे ही परंपरा हिमालयाच्या आश्रयाने टिकली. कुलूच्या दसऱ्यात डोंगरोडोंगरीचे देव रथांत बसून येतात, आणि त्या रथांवर असतात ते धातूचे मुखवटेच; त्यांना तेथे मोहरे म्हणतात. कोकणातील रुपे आणि कुलूचे मोहरे यांचा एकमेकांशी काही संबंध दाखविता येत नाही, तरी डोंगरी प्रदेशांतील दोन दूरच्या लोकसमूहांनी आपल्या देवाला गावात फिरविण्यासाठी एकच उपाय शोधावा, हे मननीय आहे. नेपाळातील भक्तपूरचे सुवर्णद्वार इसवी सन १७५४ च्या सुमारास रणजित मल्ल राजाच्या कारकीर्दीत पुरे झाले. तांब्याच्या पत्र्यावर उठाव करून त्यास सोन्याचा मुलामा दिलेला आहे. पाटणचे नेवार कारागीर आजही हे काम करतात.

आता मूळ प्रश्न असा की, देवकार्यात या विद्येची गरज का पडावी? भागवताच्या एकादश स्कंधात प्रतिमांचे आठ प्रकार सांगितले आहेत. त्यांत पाषाणाची, लाकडाची, धातूची, मातीची, चित्राची, वाळूची, रत्नाची आणि मनाने कल्पिलेली अशा सर्वांचा समावेश होतो. मूर्ती इतक्या परींनी होऊ शकत असता पत्र्याच्या मुखवट्याची आवश्यकता कोणती? त्याचे उत्तर मूर्तीच्या स्थिरतेत आहे. प्रतिष्ठित पाषाणबिंब हलवावयाचे नसते. शिवलिंगाला मुख नसते. स्वयंभू स्थानी तर कित्येकदा ओबडधोबड शिळाच असते. परंतु भाविकाला मुख हवे असते, आणि उत्सवाला यात्रा हवी असते. पत्र्याचा मुखवटा वजनाने हलका, लिंगावर किंवा शिळेवर बसविता येण्यासारखा, आणि पालखीत ठेवून नेण्यास सोपा. त्र्यंबकेश्वरास दर सोमवारी देवाचा मुखवटा पालखीतून कुशावर्तावर नेतात तो याच न्यायाने. लिंग आपल्या जागी राहते आणि रूप यात्रेला जाते.

घरच्या देवघरातही हीच व्यवस्था आहे. देशावरील मराठी कुटुंबांच्या देव्हाऱ्यात जे टाक असतात ते म्हणजे लहान पत्र्यावर उठविलेले खंडोबा, भैरोबा, भवानी, आणि कित्येक घरांत दिवंगत पूर्वजही. बोटाएवढ्या पत्र्यावर घोडा, त्यावर खड्ग उपसलेला मल्हारी, बाजूस म्हाळसा आणि पायाशी श्वान एवढे सारे बसविणारा सोनार काही सामान्य कारागीर नव्हे. टाक हा प्रवासी देव आहे. होळकर आपल्या मल्हारीला घेऊन इंदुरास गेले, शिंदे आपल्या जोतिबाला घेऊन ग्वाल्हेरीस गेले, आणि त्यांच्यामागून गेलेल्या शेकडो कुटुंबांनी आपापले टाक नेले; मुलुखगिरीवर निघालेल्या शिलेदाराला पाषाणमूर्ती नेणे कसे शक्य होते? माळव्यात व गुजराथेत आज ज्या मराठी घरांना आपले मूळ गाव ठाऊक नाही त्यांनाही टाकांवरून आपले कुळदैवत सांगता येते. लग्नकार्यापूर्वी देव उजळून आणण्याची रीतही या घरांतून पाळली जाते.

देवालयांतील उठावाच्या कामाला सर्वांत विस्तृत क्षेत्र मिळाले ते गोमंतकात, आणि त्याची कथा काही वेगळीच आहे. १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवे घेतले. त्यानंतर अवघ्या आठ वर्षांनी, १५१८ च्या सुमारास, गोव्याचा एक हिंदू सोनार लिस्बनला गेला व राजा मानुएल याच्यासाठी काम करून १५२० मध्ये परत आला. पोर्तुगीज कागदपत्रांत त्याचे नाव राउलू शातीं असे येते. शातीं म्हणजे उघडच आपल्याकडील शेट. परधर्मी राजाने समुद्रापारहून बोलावून न्यावा इतकी गोव्याच्या सोनाराची कीर्ती त्या काळी झालेली होती. पुढे मात्र काळ पालटला. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात देवळे पाडली गेली. १५६० मध्ये श्रीमंगेशाचे लिंग कुशस्थळीहून झुआरी नदी ओलांडून अंत्रुज महालात प्रियोळास आले. केळशीची श्रीशांतादुर्गा कवळ्यास आली, वेर्ण्याची श्रीम्हाळसा म्हार्दोळास आली. साष्टीतील देवळांची जाळपोळ राशोलच्या किल्ल्याच्या कप्तानाने केली ती १५६७ सालची. याच काळात हिंदू कारागिरांकडून ख्रिस्ती पूजावस्तू घडवून घेऊ नयेत, अशी फर्माने निघाली.

परंतु फर्मान काढणे सोपे आणि तसा हात दुसरीकडे मिळणे कठीण. चर्चना रुप्याची पात्रे, दीप, क्रूस व पेट्या हव्या होत्या, आणि त्या घडविणारे हात हे येथलेच होते. जुन्या गोव्यात बाँ जेझू चर्चमध्ये सेंट फ्रान्सिस झेवियर यांचा देह ज्या रुप्याच्या पेटीत ठेवला आहे ती १६३६-३७ साली गोव्याच्या रुपेकारांनी घडविली. योजना मास्त्रिली नावाच्या इटालियन जेझुइटाची. तिच्या भोवती त्या संताच्या चरित्रातील प्रसंग उठविलेले ३२ रुप्याचे पत्रे आहेत. संतचरित्र परके, वेष परके, कमानी परक्या. पण पत्रा मागून ठोकण्याची रीत मात्र देवतेचा मुखवटा घडविणाऱ्याचीच. ज्या पिढीच्या आजोबांनी रातोरात देव नदीपार नेले त्या पिढीने ही पेटी घडविली, हे लक्षात घेतले म्हणजे इतिहासाकडे एकाच बाजूने पाहण्याचा मोह कमी होतो. पोटासाठी ते केले असे कोणी म्हणेल. केले असेल, पण पोटासाठी केलेले काम इतके मन लावून केलेले नसते.

नदीपार अंत्रुज महालात, जो १७६३ पर्यंत पोर्तुगीजांच्या ताब्यात गेला नव्हता, देवांचे नवे संसार हळूहळू उभे राहिले. कवळ्याचे श्रीशांतादुर्गेचे देवालय शाहू छत्रपतींचे मंत्री नारो राम यांच्या साहाय्याने १७३८ च्या सुमारास बांधले गेले. या देवालयांत गेलेल्या भाविकास गर्भागाराच्या द्वाराभोवती, प्रभावळीवर, पालखीच्या दांड्यावर, मखरावर, जिकडे तिकडे रुप्याचे उठावाचे काम दिसते. वर कीर्तिमुख, दोहों बाजूंस मकर, त्यांच्या मुखांतून निघालेल्या वेली, वेलींमध्ये शुक व मयूर, खाली द्वारपाल. दीपस्तंभांच्या व शिखरांच्या बांधणीत जसे युरोपीय वळण शिरलेले आहे तसे ते या वेलींच्या पानांतही अधूनमधून जाणवल्यास नवल नाही. चर्चची पेटी आणि देवळाची प्रभावळ एकाच समाजातील हातांनी ठोकलेली होती. लाकडावर रुप्याचा पत्रा खिळ्यांनी मढविण्याची ही पद्धत मठांतूनही रूढ आहे. उडुपीच्या श्रीकृष्णमठात ज्या नऊ छिद्रांच्या गवाक्षातून भगवंताचे दर्शन घ्यावयाचे ते गवाक्षही रुप्याने मढविलेले आहे.

दागिन्यांकडे आले की उठावाच्या कामातील एक नाजूक प्रश्न पुढे येतो. कोल्हापुरी साजात पत्र्याची जी पाने असतात त्यांत दशावतार व अष्टमंगल चिन्हे उठविलेली असतात; बोरमाळेचे मणी पोकळ असतात. इतका पातळ पत्रा दाबाखाली चेपेल, म्हणून पोकळीत लाख भरतात. ही लाख म्हणजे लबाडी नव्हे. ती दागिन्याचा कणाच होय. परंतु पोकळीत काय भरले आहे हे बाहेरून दिसत नाही, आणि तेथून संशयाचा उगम होतो.

हा संशय कौटिल्याइतका जुना आहे. अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात सुवर्णाध्यक्षाची अक्षशाला वर्णिली आहे. तिला चार शाला आणि द्वार मात्र एकच. कारागिरांची वस्त्रे, हात झडती घेऊनच त्यांना आत सोडावयाचे व बाहेर काढावयाचे. त्यापुढील प्रकरणात सोनारांच्या चोरीच्या युक्ती सांगताना पोकळ वस्तूत वाळूमिश्रित लाख भरून वजन वाढविण्याचा प्रकार, आणि शिशाच्या गाभ्यावर सोन्याचा पत्रा चढविण्याचा प्रकार, दोन्ही नोंदले आहेत. असल्या वस्तूंची परीक्षा कशी करावी, यावर कौटिल्याचे उत्तर म्हणजे तापविणे किंवा फोडणे. शास्त्रदृष्ट्या ते बिनचूक आहे. परंतु त्याचा अर्थ असा की, वस्तू खरी आहे हे सिद्ध होण्यासाठी तिला वस्तू म्हणून नाहीसे व्हावे लागते. सराफाच्या पेढीवर आजही जुना दागिना मोडीत जातो तेव्हा लाख वजा करून उरलेले सोने तोळ्यामाशांत किंवा ग्रॅमांत भरतात. त्यावरील दशावतारांची किंमत शून्य.

कारागिरावर या संशयाचा सर्वांत मोठा घाव पडला तो १९६३ सालच्या जानेवारीत. चीनच्या आक्रमणानंतर परकीय चलनाच्या टंचाईत सुवर्णनियंत्रणाचे नियम आले, आणि चौदा कॅरटांहून अधिक कसाचे नवे दागिने घडविण्यास बंदी झाली. चौदा कॅरटांचे सोने कठीण. ते उठावाच्या कलमाखाली बावीस कॅरटांप्रमाणे लवत नाही. देशभर असंख्य सोनारांचा धंदा बसला, आणि त्यांच्या दैन्याच्या वार्तांनी त्या वर्षीची वृत्तपत्रे भरून गेली होती. बावीस कॅरटांवरील बंदी पुढे शिथिल झाली, तरी १९६८ च्या कायद्याने नियंत्रण चालूच राहिले, ते उठले १९९० मध्ये. त्या वेळी केंद्रीय अर्थमंत्री होते प्रा. मधु दंडवते, कोकणातील राजापूरचे प्रतिनिधी. मधल्या सत्तावीस वर्षांत कित्येक सोनारांच्या मुलांनी कलम हाती धरलेच नाही. रुप्याला हे निर्बंध नव्हते, म्हणून देवळांची कामे चालू राहिली, एवढाच काय तो दिलासा.

देवळांतील कामाचा शत्रू निराळा आहे, आणि तो बाहेरचा नाही. अग्निपुराणातील जीर्णोद्धारप्रकरणात जीर्ण प्रतिमेचे काय करावे ते सांगितले आहे : लाकडाची अग्नीत द्यावी, पाषाणाची पाण्यात सोडावी, आणि धातूची किंवा रत्नाची खोल जलात अथवा समुद्रात विसर्जित करावी. धातूची प्रतिमा वितळवून तिच्या द्रव्याची दुसरी वस्तू करावी, असे तेथे म्हटलेले नाही. परंतु कवच, प्रभावळ, मखर यांना सामान्यतः प्रतिमा समजत नाहीत. ती देवाची आभरणे, भांडारातील चीजवस्तू. त्यामुळे शास्त्राचे हे संरक्षण त्यांना लाभत नाही. एखादा यजमान नवस फेडावयास येतो. जुनी प्रभावळ काळवंडलेली, एका कोपऱ्यात पोचा आलेला, दोन खिळे निघालेले. नवी भारी करू या, असे ठरते. जुन्या प्रभावळीचे रुपे नवीत घालतात, वर यजमानाचे पाच-दहा शेर पडतात, आणि सर्व मंडळी समाधान पावतात. कारण देवाचे रुपे वाढलेले असते. भावनेत काही उणे नाही. पण आटवणीच्या मुशीत जे गेले ते रुपे नव्हते, रूप होते. आणि बदली जी प्रभावळ आली ती पुष्कळदा यंत्राच्या साच्यात एका दाबाने उमटविलेली, शेजारच्या गावच्या प्रभावळीशी रेघन् रेघ जुळणारी.

स्वस्त कामांत तर जर्मन सिल्व्हर वापरतात. त्यात तांबे, निकेल व जस्त असते. रुप्याचा कणही नसतो. गरीब देवस्थानाने ते वापरले तर त्यात दोष मानण्याचे कारण नाही. दोष आहे तो जुने हातकाम मोडून त्याच्या जागी हे बसविण्यात.

याच्या उलट उदाहरण दूर शोधावयास नको. गोव्यातील ख्रिस्ती समाजाने आपल्या जुन्या पूजावस्तू एकत्र करून १९९४ मध्ये राशोलच्या सेमिनरीत ख्रिस्ती कलेचे संग्रहालय स्थापिले, आणि २००२ मध्ये ते जुन्या गोव्यातील सांता मोनिका मठात हलविले. गोव्याच्या कारागिरांनी घडविलेल्या रुप्याच्या वस्तू तेथे काळजीपूर्वक मांडलेल्या आहेत. राशोल हे नाव ऐकून ज्यांना १५६७ साल आठवते त्यांना हा योग चमत्कारिक वाटेल. परंतु आपल्या सोनारांनी चर्चसाठी केलेले काम पाहण्यास संग्रहालय आहे, आणि त्याच सोनारांच्या वंशजांनी आपल्या देवांसाठी केलेले काम पाहावयाचे तर ते अजून आटविले गेले नसेल अशा देवळाचा शोध घ्यावा लागतो, ही वस्तुस्थिती आहे.

जे आहे ते राखावयाचे तर फार खर्च नाही. रुपे काळे पडते ते हवेतील गंधकाच्या अंशामुळे. तो काळेपणा म्हणजे रुप्याचाच एक थर होय, आणि राखेने किंवा वाळूने घासून तो काढला की प्रत्येक वेळी थोडे रुपे त्याबरोबर जाते. प्रथम जातात पापण्या, मग बोटे, मग ओठ. शंभर वर्षांत मुखवट्याचे नाक उरते आणि चेहरा जातो. रिठ्याच्या कोमट पाण्यात मऊ वस्त्र बुडवून हलके पुसणे पुरे असते. समई व निरांजन प्रभावळीला लागून ठेवू नये; मागे राळ किंवा लाख असेल तर ती उष्णतेने सरकते, आणि आधार गेलेला पत्रा पहिल्याच धक्क्याला चेपतो. पोचा आला तरी जाणता कारागीर तो मागून हळूहळू उठवू शकतो. त्यासाठी पत्रा आटवावा लागत नाही.

देवस्थानांच्या जुन्या याद्यांत रुप्याच्या वस्तूपुढे नग आणि वजन लिहिण्याची पद्धत आहे. वजन पूर्वी तोळ्यांत, म्हणजे ११.६६ ग्रॅमांच्या मापाने. कोणत्या गावच्या सोनाराने घडविली, कोणत्या शकात, तिच्यावर काय उठविले आहे, यासाठी यादीत रकाना नसतो. उत्सवाच्या आदल्या दिवशी प्रभावळ उतरवून पुसण्यासाठी पालथी घातली म्हणजे क्षणभर तिची पाठ दिसते. तेथे कीर्तिमुखाच्या जागी एक खोल खळगा असतो, मकरांच्या जागी दोन लहान खळगे, आणि त्या सर्वांवर हातोडीच्या घावांचे हजारो बारीक ठसे, जसे ते ठोकले त्या दिवशी पडले होते तसेच. पुढची बाजू घासून गुळगुळीत झालेली असली तरी पाठ कोणी घासलेली नसते.